पाने किती मांडायची?

लग्नघरातला सर्वांत अवघड हिशेब सोन्याचा नसतो, पानांचा असतो. आमंत्रणे किती गेली, त्यांतले येणार किती, सोबत आणखी किती आणणार आणि ऐनवेळी न येणारे किती, या चार आकड्यांचा मेळ ज्याला घालता आला तो खरा कर्ता माणूस. पूर्वी हे काम एखादे मामा किंवा काका एका वहीवर करीत. आज हाच हिशेब हजारो माणसांसाठी मांडावा लागतो, आणि तो मांडायला काकांऐवजी संगणक बसलेला असतो. तंत्रज्ञानाचे महोत्सव, परिषदा, हॅकेथॉन नावाच्या अहोरात्र चालणाऱ्या स्पर्धा, यांच्या नावनोंदणीची ही गोष्ट. विषय वरवर रुक्ष वाटेल. पण ज्या घरात अभियांत्रिकीला जाणारा मुलगा किंवा मुलगी आहे, त्या घराशी त्याचा फार जवळचा संबंध आहे.

कोपरखैरण्यात अशी घरे पुष्कळ. रेल्वे स्थानकाच्या एका अंगाला ठाणे-बेलापूर रस्ता. त्यापलीकडे महापे-रबाळ्याच्या औद्योगिक पट्ट्यात जुन्या कारखान्यांच्या शेजारी आता देशाची माहिती साठवणारी डेटा सेंटर उभी आहेत. दुसऱ्या अंगाला सेक्टरांची दाट वस्ती, जुने गावठाण, माथाडी कामगारांची घरे आणि लोकमान्य टिळक अभियांत्रिकी महाविद्यालयासारख्या संस्था. खाडी ओलांडली की पवईची आयआयटी, जिथला ‘टेकफेस्ट’ हा विद्यार्थ्यांनीच चालवलेला महोत्सव १९९८ पासून भरतो. या वस्तीतल्या एका घरात दोन संगणक आणि वेगवान इंटरनेट असते, तर शेजारच्या घरात चौघांत मिळून एक मोबाइल असतो. दोन्ही घरांतली मुले मात्र एकाच कार्यशाळेच्या शंभर जागांसाठी एकाच वेळी बटण दाबतात. जागा कोणाला मिळावी? नावनोंदणीची व्यवस्था बांधणाऱ्याला सर्वांत आधी याच प्रश्नाचे उत्तर द्यावे लागते.

त्यात नुसता अर्ज भरून घेऊन भागत नाही. केंद्र सरकारची ‘स्मार्ट इंडिया हॅकेथॉन’ २०१७ मध्ये सुरू झाली. एप्रिलच्या पहिल्या दोन दिवसांत, सलग ३६ तास, देशभरातल्या निरनिराळ्या केंद्रांवर सुमारे १०,००० विद्यार्थी एकाच वेळी स्पर्धेला बसले होते. या स्पर्धेत संघ सहा जणांचा असतो आणि त्यात किमान एक विद्यार्थिनी असावीच लागते. आधी महाविद्यालयात अंतर्गत फेरी होते, मग महाविद्यालयाने नेमलेली व्यक्ती निवडलेले संघ पुढे पाठवते. म्हणजे अर्ज एकाचा नाही, सहांचा. मान्यता विद्यार्थ्याची नाही, महाविद्यालयाची. आणि अट मोडली तर ती नोंदणीच्या क्षणीच कळायला हवी, स्पर्धेच्या दारात नव्हे. नाव, गाव, दूरध्वनी विचारणारा बाजारातला साधा अर्ज इथे अपुरा पडतो. मोठे आयोजक स्वतःची प्रणाली बांधायला घेतात ते हौसेने नव्हे, अशा अडचणींमुळे.

बांधायला बसले की पहिला पेच शेवटच्या जागेचा. समजा, एकच जागा उरली आहे आणि दोघांनी एकाच क्षणी बटण दाबले. संगणकाने दोघांनाही ‘जागा आहे’ असे सांगितले, तर वऱ्हाडातल्या दोन पाहुण्यांना एकच खोली दिल्यासारखे होईल. म्हणून जागा तपासणे आणि ती नावावर लिहिणे ही दोन कामे न तुटणाऱ्या एकाच घासात व्हावी लागतात. एकाचे काम पुरे होईपर्यंत दुसऱ्याने थांबायचे. पैसे भरायचे असतील, तर जागा काही मिनिटे राखून ठेवायची; तेवढ्यात पैसे आले नाहीत तर ती मोकळी करून पुढच्याला द्यायची.

दुसरा पेच पैशांचा. खात्यातून रक्कम गेली, पण तिकीट आले नाही, हा अनुभव आता घरोघरी आहे. बँकेचा निरोप वाटेत अडकतो, घाबरलेला माणूस पुन्हा बटण दाबतो. चांगली प्रणाली प्रत्येक व्यवहाराला एक क्रमांक देते आणि त्याच क्रमांकाची मागणी दुसऱ्यांदा आली तर पुन्हा पैसे घेत नाही. शिवाय दिवसाअखेर बँकेची यादी आणि आपली यादी ताडून पाहते. हे काम जुन्या पेढीवरच्या मुनीमजींचेच. फक्त वही बदलली.

तिसरा पेच गर्दीचा, आणि तो नवी मुंबईकरांनी जवळून पाहिला आहे. जानेवारी २०२५ मध्ये नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर ‘कोल्डप्ले’ या ब्रिटिश वाद्यवृंदाचे कार्यक्रम झाले. त्यांची तिकीटविक्री २२ सप्टेंबर २०२४ रोजी दुपारी उघडली, तेव्हा लाखो लोक एकाच वेळी आल्याने संकेतस्थळ काही काळ कोलमडले. पुढे अनेकांना पडद्यावर रांगेतला आपला लाखांतला क्रमांक पाहत बसावे लागले. नंतर तीच तिकिटे कितीतरी पट भावाने विकायला निघाली आणि प्रकरण पोलिसांच्या चौकशीपर्यंत गेले.

गर्दीवर उपाय दोन. एक पंढरपूरच्या दर्शनबारीचा: आत जेवढी माणसे मावतील तेवढीच सोडायची, बाकीच्यांना बाहेर क्रमाने उभे करायचे. याने संगणक वाचतो, पण न्याय होतोच असे नाही. ज्याचे इंटरनेट वेगवान तो पुढे उभा राहतो. दुसरा उपाय नवी मुंबईला सिडकोच्या घरांमुळे चांगला ठाऊक आहे: सोडत. आठवडाभर अर्ज घ्यायचे आणि मग सोडत काढायची. त्यात पहिल्या मिनिटाला आलेला आणि रात्रपाळी करून तिसऱ्या दिवशी आलेला सारखेच. जागा थोड्या आणि इच्छुक फार असतील, तर सोडतीइतका सरळ मार्ग दुसरा नाही. ‘प्रथम येईल त्यास प्राधान्य’ हे वाक्य ऐकायला निःपक्षपाती वाटते, पण प्रथम कोण येऊ शकतो हे आधीच ठरलेले असते.

याचा धडा देशाने करोनाकाळात घेतला. २८ एप्रिल २०२१ रोजी दुपारी चार वाजता १८ वर्षांवरील नागरिकांसाठी ‘कोविन’वर लसीची नोंदणी उघडली, पहिल्याच दिवशी एक कोटीहून अधिक नावे नोंदली गेली. पण जागा दिसताक्षणी सूचना देणारे कार्यक्रम ज्यांना लिहिता येत होते किंवा मिळत होते, त्यांना आधी लस मिळाली. ज्यांच्याकडे साधा फोनच नव्हता, त्यांचे काय, हा प्रश्न त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयानेही विचारला. मे महिन्याच्या अखेरीस सरकारी केंद्रांवर थेट जाऊन नोंदणी करण्याची मुभा मिळाली. लस आणि परिषद यांची तुलना होत नाही. पण काही जागा दारात येणाऱ्यासाठी आणि महाविद्यालयामार्फत येणाऱ्यासाठी राखून ठेवाव्यात, हे शहाणपण दोन्हीकडे सारखे.

कार्यक्रमाच्या दिवशी खरी परीक्षा दारात होते. तिकिटावरचा तो काळा-पांढरा चौकोन, म्हणजे क्यूआर कोड, १९९४ मध्ये जपानच्या ‘डेन्सो वेव्ह’मध्ये मोटारींच्या सुट्या भागांची मोजदाद ठेवण्यासाठी जन्मला. आज तो माणसांची मोजदाद ठेवतो. पण पाच हजार मोबाइल एका सभागृहात आले की नेटवर्क मान टाकते. म्हणून दारावरच्या स्वयंसेवकांच्या फोनमध्ये यादी आधीच उतरवलेली असावी लागते. नेटवर्क परतले की सर्व दारांच्या नोंदी एकमेकींशी जुळवायच्या, म्हणजे एकच तिकीट दोन दारांतून आत गेले असेल तर निदान कळते.

अशी व्यवस्था आपल्याकडे लोकांनी बांधली आहे. बंगळूरच्या ‘हॅसगीक’ने आपल्या परिषदांसाठी व्याख्यानांचे प्रस्ताव मागवणारी आणि तिकिटे विकणारी प्रणाली स्वतः लिहिली आणि तिचा मूळ आराखडा सर्वांसाठी खुला केला. २०२० मध्ये स्थापन झालेल्या ‘फॉस युनायटेड’ने तर आपले व्यासपीठ मुंबईच्या ‘फ्रॅपे’ या कंपनीच्या मुक्त चौकटीवर उभारले. शहरोशहरीच्या सभा, प्रस्ताव आणि नावनोंदणी यांचे काम त्यावर चालते. त्याचाही आराखडा कोणालाही पाहता, वापरता, सुधारता येतो. कोपरखैरण्याच्या एखाद्या महाविद्यालयाने उद्या महोत्सव भरवायचा म्हटले, तर शून्यापासून आरंभ करण्याची गरज नाही. आणि शंभर-दोनशे माणसांचा मेळावा असेल, तर साधा तयार अर्ज पुरे. त्यासाठी प्रणाली बांधणे म्हणजे चार पानांसाठी आचारी बोलावणे. बांधलेली प्रणाली पुढे सांभाळावीही लागते, आणि ती बांधणारी मुले दोन वर्षांनी पदवी घेऊन निघून जातात.

पण स्वतःची प्रणाली असण्याचे एक कारण असे आहे, की त्याचा विचार पालकांनीही करावा. यादी कोणाच्या ताब्यात राहते? अर्जात दिलेला मुलीचा फोन क्रमांक, पत्ता, जन्मतारीख आयोजकाकडेच राहते, की कार्यक्रम संपताच क्लासवाले आणि कर्जवाले यांच्याकडे जाते? २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालील मुलांची माहिती घेण्यापूर्वी पालकांची पडताळता येईल अशी संमती घेण्याची तरतूद आहे. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले आणि तरतुदी टप्प्याटप्प्याने लागू करण्याचे ठरले. कायदा आपले काम करील. पण अर्ज भरताना ‘हे तुम्हाला कशाला हवे?’ असे विचारण्याचा हक्क आपण आजही बजावू शकतो. टी-शर्टचे माप विचारणे समजू शकते. वडिलांचे उत्पन्न विचारण्याचे कारण आयोजकाने सांगायला हवे.

आणखी एक लहानशी गोष्ट. आपल्या नावात स्वतःचे नाव, वडिलांचे वा पतीचे नाव आणि आडनाव असते. परदेशी घडणीचा अर्ज दोनच रकाने देतो आणि मग प्रमाणपत्रावर मुलीच्या नावाऐवजी वडिलांचे नाव उमटते. ज्या घरातून पहिल्यांदाच कोणी अशा स्पर्धेला गेले, त्या घरात ते प्रमाणपत्र भिंतीवर लागणार असते. म्हणून नावाचा एकच लांब रकाना ठेवावा, ‘प्रमाणपत्रावर कसे छापू?’ असे विचारावे आणि देवनागरीत लिहिलेले नावही जसेच्या तसे स्वीकारावे. याला खर्च काहीच नाही, थोडी आस्था लागते.

नाव लिहून घेणे म्हणजे शब्द देणे. जुन्या लग्नघरातले काका हे जाणत होते. त्यांच्या वहीत नाव चढले की पंगतीत पान मांडले जाणारच, अशी खात्री असे. आणि आयत्या वेळी दारात आलेला पाहुणा उपाशी जाऊ नये, म्हणून ते चार पाने जास्तीची धरीत. नव्या वहीचा वेग कितीही वाढो, तिच्याकडून आपली अपेक्षा तेवढीच आहे.