मोबाइलचा पडदा आणि आपली विचारशक्ती

वाचन, अभ्यास वा संभाषण चालू असताना मोबाइल वाजला, की लक्ष तिकडे वळते. मूळ विषयाकडे परतण्यास मनाला वेळ लागतो. दिवसभर असे घडत राहिल्यास कोणताही विषय शेवटपर्यंत समजून घेणे कठीण होते. मुलांच्या अभ्यासात हे विशेष जाणवते.

दुसरा परिणाम विश्वासासंबंधी आहे. एकच विधान वारंवार समोर आले, की ते ओळखीचे वाटते आणि म्हणून खरे भासते. १९७७ पासूनच्या अनेक प्रयोगांत हे दिसून आले आहे. त्यात भीतीची भर पडली, तर अनर्थ ओढवतो. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे मुले पळविणारी टोळी आल्याच्या अफवेवरून जमावाने भटक्या समाजातील पाच निरपराध व्यक्तींचा बळी घेतला. अशा अफवा त्या काळात मोबाइलवरून पसरत होत्या.

ही सवय बदलता येते. सांगली जिल्ह्यातील मोहित्यांचे वडगाव येथील ग्रामस्थांनी २०२२ मध्ये एक प्रथा सुरू केली : सायंकाळी ७ वाजता मंदिरावरील भोंगा वाजताच दीड तास मोबाइल व दूरचित्रवाणी बंद. जबलपूरसारख्या शहरात असा भोंगा वाजणार नाही. येथे ती वेळ प्रत्येक कुटुंबाने ठरवावयाची आहे.

कुटुंबांनी काय करावे?

• जेवताना, अभ्यासाच्या वेळी व झोपण्यापूर्वी मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवावा. वडीलधाऱ्यांनी हा नियम प्रथम पाळावा.
• अनावश्यक सूचनांचा आवाज बंद करावा.
• भीती वा संताप उत्पन्न करणारा संदेश तत्काळ पुढे पाठवू नये. तो कोणी व केव्हा लिहिला, अन्यत्र त्यास दुजोरा मिळतो का, हे पाहावे.
• संदेशावर विसंबून चालू औषध बंद करू नये, डॉक्टरांना विचारावे.
• दोन वर्षांखालील बालकांना पडदा दाखवू नये. दोन ते चार वर्षांच्या मुलांसाठी दिवसाला एक तास ही कमाल मर्यादा जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये सुचविली आहे.

मोबाइल दूर होताच तीव्र चिडचिड होणे, झोप उडणे, शाळा वा कामाकडे सतत दुर्लक्ष होणे, ही लक्षणे दिसल्यास रागावण्याऐवजी साहाय्य घ्यावे. टेली-मानस, दूरध्वनी १४४१६, ही शासनाची सेवा निःशुल्क असून अहोरात्र उपलब्ध आहे. जबलपूर येथील नेताजी सुभाषचंद्र बोस वैद्यकीय महाविद्यालयाच्या मानसोपचार विभागातही सल्ला घेता येईल.