‘तुरळक ठिकाणी’ म्हणजे नेमके कुठे?

“आज पावसाचा अंदाज आहे ना? मग छत्री घरीच राहू द्या!” हा विनोद आपण सर्वांनीच कधी ना कधी केलेला असतो. शहरात तो हसण्यावारी जातो. खेड्यात जूनमध्ये मात्र प्रश्न बियाण्याचा असतो. पहिल्या सरीवर भरवसा ठेवून पेरणी केली आणि पुढे पावसाने ओढ दिली, तर दुबार पेरणीचा खर्च अंगावर येतो. म्हणून अंदाजाला हसण्याआधी तो वाचायचा कसा, हे आपण पाहू.

‘तुरळक ठिकाणी हलका पाऊस’ या शब्दांना ठरलेले अर्थ आहेत. विभागातल्या पर्जन्यमापक केंद्रांपैकी फार तर २५ टक्के केंद्रांवर पाऊस अपेक्षित असेल, तर ‘तुरळक ठिकाणी’ म्हणतात. २६ ते ५० टक्के असेल, तर ‘काही ठिकाणी’. ‘हलका’ म्हणजे २४ तासांत २.५ ते १५.५ मिलिमीटर आणि ‘जोरदार’ म्हणजे ६४.५ मिलिमीटरपासून पुढे. म्हणजेच ‘तुरळक’ असे सांगितले असताना दर चार गावांतली तीन कोरडी राहिली, तरी अंदाज बरोबरच ठरतो!

पण ते चौथे गाव कोणते, हे आधी का सांगता येत नाही? त्यासाठी ढग कसा तयार होतो, हे समजून घ्यावे लागेल. एक प्रयोग करून पाहू.

एक लिटरची पारदर्शक प्लॅस्टिकची बाटली घ्या. तळाशी दोन चमचे कोमट पाणी घाला. आगकाडी पेटवून विझवा, तिचा थोडा धूर बाटलीत जाऊ द्या आणि झाकण घट्ट लावा. बाटली काळ्या कागदासमोर धरून दोन्ही हातांनी जोरात दाबा आणि एकदम सोडा. आत धुके दिसेल. पुन्हा दाबा, ते नाहीसे होईल. हाच आपला ढग! आता धूर न घालता प्रयोग करा. धुके जेमतेम दिसेल किंवा दिसणारच नाही.

यावरून ढगाच्या तीन गरजा कळतात. हवेत बाष्प हवे, ती हवा थंड व्हायला हवी आणि बाष्पाला चिकटायला सूक्ष्म कण हवेत. बाटली सोडली की आतली हवा प्रसरण पावते आणि थंड होते. आकाशातही तसेच घडते. तापलेली हवा वर चढते, वर दाब कमी असल्याने ती प्रसरण पावते आणि दर किलोमीटरला सुमारे १० अंशांनी थंड होते. ज्या तापमानाला बाष्पाचे पाणी होऊ लागते, त्याला दवबिंदू म्हणतात. तो गाठला की धूळ, धूर आणि समुद्री मिठाच्या कणांभोवती थेंबुकले जमतात.

पण ढग आला म्हणजे पाऊस आलाच, असे नाही. ढगातल्या थेंबुकल्याचा व्यास सुमारे ०.०२ मिलिमीटर असतो, तर पावसाच्या थेंबाचा सुमारे २ मिलिमीटर. व्यास शंभरपट, म्हणजे आकारमान दहा लाखपट! इतकी थेंबुकली एकत्र यायची, तर ढग पुरेसा जाड हवा आणि त्याला खालून बाष्पाचा पुरवठा होत राहायला हवा.

वळवाच्या दिवसांतला गडगडाटी ढग काही किलोमीटर रुंदीचा असतो आणि साधारण तासाभरात विरतो. म्हणूनच बांधाच्या अलीकडे सर येते आणि पलीकडे माती कोरडी राहते. संगणक हवेचे गणित चौकटी पाडून करतो. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्थेत विकसित झालेल्या आणि मे २०२५ मध्ये सेवेत आलेल्या प्रणालीत ही चौकट ६ किलोमीटरची आहे. एका चौकटीत दोन-तीन गावे सहज मावतात. पावसाला पोषक हवा कोणत्या भागात आहे, हे गणितातून कळते. पण एखादी सर नेमकी कोणत्या शिवारावर कोसळेल, हे दोन दिवस आधी सांगता येत नाही.

डोंगर असला की गोष्ट बदलते. अरबी समुद्रावरून येणारी दमट हवा सह्याद्रीला अडते आणि तिला वर चढावेच लागते. म्हणून महाबळेश्वरला वर्षाला सरासरी ५,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. पलीकडे उतरताना तीच हवा दाबली जाते आणि तापते. आपल्या बाटलीतले धुके दाबल्यावर गेले, तसे ढग विरतात. त्यामुळे ३० किलोमीटरवरच्या वाईला १,००० मिलिमीटरही पाऊस होत नाही आणि माण तालुका तर दुष्काळीच. हे तिन्ही भाग एकाच सातारा जिल्ह्यात येतात. म्हणून जिल्ह्याचा अंदाज वाचताना आपले गाव घाटमाथ्यावर आहे की पर्जन्यछायेत, हे आधी पाहायला हवे.

यंदा शाळेत एवढे करू या. सरळ उभ्या कडांचा एक डबा मोकळ्या जागी ठेवू. रोज सकाळी ८.३० वाजता त्यातले पाणी पट्टीने मोजू आणि डबा रिकामा करू. शेजारच्या रकान्यात मंगळवारच्या आणि शुक्रवारच्या कृषी हवामान पत्रिकेतला अंदाज लिहू. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरणी करू नये, असा सल्ला कृषी खाते देते. आपल्या शिवारात तेवढा पाऊस झाला की नाही, हे जिल्ह्याच्या आकड्यावरून कळणार नाही. ते आपल्या डब्यावरून कळेल. मुलांनी ही बेरीज रोज शाळेच्या फळ्यावर लिहिली, तर गावात पेरणीची घाई करणारे दोघे-तिघे तरी ती वाचून थांबतील.