खडककापणी करवत : स्वच्छता व तेलाची पुनःप्राप्ती

खडक, खनिजे व उपरत्ने यांचे सपाट काप काढण्यासाठी हिरकणीयुक्त कडेची फिरती तबकडी असलेले जे यंत्र वापरतात, त्यास खडककापणी करवत म्हणतात. भूवैज्ञानिक प्रयोगशाळा, उपरत्नांचे कारखाने, वस्तुसंग्रहालये तसेच हौशी संग्राहक यांच्याकडे ही करवत असते. लहान व मध्यम आकाराच्या करवतीत तबकडी थंड ठेवण्यासाठी बहुधा खनिज तेल वापरतात. कापताना झडलेली दगडाची पूड या तेलात मिसळून दाट गाळ तयार होतो. हा गाळ वेळोवेळी काढणे, त्यातील तेल वेगळे करून पुन्हा वापरणे आणि उरलेल्या पुडीची योग्य विल्हेवाट लावणे या तीन क्रिया परस्परांशी निगडित आहेत. त्यांपैकी एकीची हेळसांड झाल्यास यंत्र, कामगार व परिसरातील पाणी या तिन्हींना अपाय होतो.

पार्श्वभूमी : महाराष्ट्राचा फार मोठा भाग दक्षिण ट्रॅप या नावाने ओळखल्या जाणाऱ्या बेसाल्ट खडकाने व्यापलेला आहे. परभणी जिल्ह्याच्या गंगाखेड तालुक्यातील राणीसावरगाव व त्याच्या भोवतालचा प्रदेश याच खडकावर वसलेला आहे. बेसाल्टातील वायूच्या पोकळ्यांत पुढे झिओलाइट, कॅल्साइट, कॅल्सेडनी, अकीक इ. खनिजे साचली. खडक झिजल्यावर त्यांपैकी कठीण खनिजे सुटी होऊन नद्यांच्या वाळूत व गोट्यांत आली. गोदावरीच्या खोऱ्यात असे गोटे आढळतात आणि प्रागैतिहासिक मानवाने त्यांपासून सूक्ष्मास्त्रे बनविली होती. इ.स. पहिल्या शतकातील पेरिप्लस या ग्रीक प्रवासवर्णनात पैठणहून भडोचकडे अकीकाच्या जातीचे दगड मोठ्या प्रमाणात गाड्यांतून नेले जात, असा उल्लेख आहे. त्या काळी असे दगड ठोकून, घासून व कठीण पुडीच्या साहाय्याने भोके पाडून घडवीत असत. हिरकणीच्या करवतीने हेच काम फार थोड्या वेळात होऊ लागले.

शास्त्रीय कामातही करवतीस महत्त्वाचे स्थान आहे. सूक्ष्मदर्शकाखाली पाहण्यासाठी खडकाचा सु. ०·०३ मिमी. जाडीचा तनुच्छेद करावा लागतो व त्याची पहिली पायरी करवतीवरील काप ही असते. विंधन करून काढलेले खडकाचे दंडगोलही उभे चिरून अभ्यासले जातात. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपानंतर लातूर जिल्ह्यातील किल्लारी येथे घेतलेल्या ६१७ मी. खोलीच्या विंधनछिद्रात बेसाल्टाची जाडी सु. ३३८ मी. भरली व त्याखाली प्राचीन स्फटिकी खडक लागला. बुलढाणा जिल्ह्यातील लोणारचे विवर उल्काघाताने झाले, या मताला १९७३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने बळकटी आली. तेथील खडकांत आघाताने बनलेली मॅस्केलिनाइट ही काच आढळली होती. अशा निष्कर्षांत बारीक कणांनाही मोल असते. आधीच्या नमुन्याचा गाळ नव्या कापाच्या भेगांत व छिद्रांत शिरला, तर परक्या खडकाचे कण तपासणीत येण्याचा संभव असतो.

रचना व कार्य : पोलादी तबकडीच्या कडेवर धातूच्या बंधकात हिरकणीचे बारीक कण बसविलेले असतात. मोस मापश्रेणीत हिरकणीची कठिनता १०, अकीकातील क्वॉर्ट्‌झची ७ व बेसाल्टातील प्रमुख खनिजांची सु. ५·५ ते ६·५ असते. तबकडीला लाकडी करवतीसारखे दाते नसतात. ती दगड घासून त्याची पूड करते, म्हणजे तिचे काम कापण्यापेक्षा घासण्याचे असते. दगड शिकंज्यात पक्का धरून सावकाश तबकडीकडे सरकविला जातो. खाली तेलाची टाकी असून तबकडीची कड तेलात थोडीशी बुडलेली असते. फिरताना ती तेल वर उचलते. हे तेल उष्णता वाहून नेते, चिरेतील पूड बाहेर काढते, घर्षण कमी करते आणि पोलाद गंजू देत नाही.

पुडीचे प्रमाण पुढील उदाहरणावरून लक्षात येईल. चिरेची रुंदी २ मिमी. आणि कापाचे माप १५ × २० सेंमी. असल्यास एका कापात ६० घ. सेंमी. दगडाची पूड होते. बेसाल्टाची घनता २·९ धरल्यास तिचे वजन सु. १७४ ग्रॅ. भरते. असे दहा काप घेतल्यास ६०० घ. सेंमी. पूड टाकीत साचते. गाळात पुडीइतक्याच आकारमानाचे तेल अडकलेले आहे असे मानल्यास, सु. ६०० घ. सेंमी. तेलही तिच्याबरोबर कामातून निघून जाते. गाळ तसाच फेकून देणे तोट्याचे का ठरते, हे यावरून स्पष्ट होईल.

गाळाची पातळी वाढून तबकडीच्या कडेपर्यंत आली, म्हणजे कडेला स्वच्छ तेल मिळत नाही. तबकडी तापते, तिला बाक येतो, काप वाकडा जातो व हिरकणीचे कण बोथट होतात. कापण्याचा आवाज बदलणे, चिरेतून धूर निघणे व कापाच्या पृष्ठावर खोल रेषा उमटणे ही त्याची लक्षणे होत. टाकीत लाकडी काठी उभी घालून गाळाची जाडी वरचेवर मोजावी व तो कडेला भिडण्यापूर्वीच टाकी साफ करावी.

तेलाची निवड : या कामासाठी पातळ, चांगले शुद्ध केलेले आणि उच्च प्रज्वलनांकाचे खनिज तेल योग्य असते. ज्या तापमानास तेलाची वाफ ठिणगीने क्षणभर पेट घेते, त्यास प्रज्वलनांक म्हणतात. अशा शुद्ध तेलांचा प्रज्वलनांक सामान्यतः १५०° से. च्या वर असतो. काही ठिकाणी स्वस्त म्हणून केरोसीन किंवा डीझेल वापरतात. भारतीय मानकांनुसार या दोन इंधनांचा प्रज्वलनांक किमान ३५° से. असावा लागतो. मराठवाड्यात एप्रिल-मे महिन्यांत दुपारचे तापमान ४०° से. च्या वर जाते. म्हणजे ३५° से. च्या आसपास प्रज्वलनांक असलेल्या इंधनाची टाकी अशा दिवसांत सावलीतही पेट घेण्याजोगी वाफ देत असते. त्यातच तबकडी तेलाचे तुषार उडविते व मोटारीतून ठिणगी पडू शकते. तेव्हा ही इंधने करवतीत वापरू नयेत. मोटारगाडीतून काढलेले जुने तेलही वर्ज्य होय, कारण त्यात धातूंचे कण व कर्करोगास कारणीभूत होऊ शकणारी संयुगे असतात.

साफसफाईची पद्धत : प्रथम वीजपुरवठा तोडून खटक्यावर अवलंबून न राहता जोडणीच काढून ठेवतात. करवत थांबल्यावर तेलाचे तुषार खाली बसेपर्यंत झाकण उघडत नाहीत. यंत्र काही तास स्थिर ठेवल्यास जाड पूड तळाशी बसते व वर तुलनेने स्वच्छ तेल राहते. हे वरचे तेल भांड्याने किंवा हातपंपाने गाळ न ढवळता काढून वेगळ्या डब्यात ठेवतात. नंतर तबकडी उतरवून पुसतात आणि तिच्या कडेला चीर अथवा बाक आहे काय, ते पाहतात. तळाचा गाळ लाकडी किंवा प्लॅस्टिकच्या खरवडणीने ओढून बादलीत घेतात. शिकंज्याचे आटे, सरकपट्ट्या व झाकणाची आतील बाजू यांवरही पूड बसलेली असते. ती तशीच राहिल्यास नवे तेल लगेच गढूळ होते व आटे झिजतात. अखेरीस थोड्या स्वच्छ तेलाने टाकी विसळतात व ते तेलही गाळात मिळवितात. विसळण्यासाठी पेट्रोल किंवा पाणी वापरू नये. पाण्याचे पायस बनते, तेल दुधाळ होते व पोलाद गंजते.

बोथट झालेली तबकडी मऊ विटेच्या किंवा अपघर्षक कांडीच्या तुकड्यात थोडी चालविल्यास बंधकाचा थर झिजून हिरकणीचे नवे कण उघडे पडतात. हे काम टाकी साफ करण्यापूर्वी उरकावे, म्हणजे विटेची पूड नव्या तेलात जात नाही.

तेलाची पुनःप्राप्ती : पुनःप्राप्तीच्या निथळणे, निवळणे व केंद्रोत्सारण अशा तीन मुख्य रीती आहेत.

निथळण्याच्या रीतीत गाळ जाड कागदाच्या किंवा मांजरपाटाच्या पिशवीत भरून ती जाळीवर ठेवतात. जाळीखाली बादली असते. तेल कागदातून किंवा कापडातून हळूहळू पाझरते व पूड आत राहते. यास अनेक दिवस लागतात, परंतु खर्च जवळजवळ नसतो. पिशवी दाबून पिळल्यास बारीक पूडही बाहेर येते, म्हणून ती पिळत नाहीत.

निवळण्याच्या रीतीत गढूळ तेल उंच डब्यात स्थिर ठेवतात. कण तळाशी बसण्याचा वेग जॉर्ज गेब्रिएल स्टोक्स यांनी मांडलेल्या नियमाने काढता येतो. हा वेग कणाच्या व्यासाच्या वर्गाच्या सम प्रमाणात व द्रवाच्या श्यानतेच्या व्यस्त प्रमाणात असतो. तेलाची श्यानता पाण्याच्या सु. १५ पट व घनता ०·८५ धरल्यास, १० मायक्रॉन व्यासाचा क्वॉर्ट्‌झचा कण तासाला सु. २·४ सेंमी. खाली जातो. १ मायक्रॉन व्यासाचा कण मात्र दिवसाला सु. ५·६ मिमी. एवढाच उतरतो. म्हणजे ३० सेंमी. उंचीच्या डब्यात पहिला कण साडेबारा-तेरा तासांत तळ गाठतो, तर दुसऱ्याला ५० हून अधिक दिवस लागतात. दाट गाळात कणांची एकमेकांना अडचण होऊन हा काळ आणखी वाढतो. दोन डबे आलटून पालटून वापरल्यास एकातील तेल निवळत असता दुसऱ्यातील कामात घेता येते.

तापमान वाढले की तेलाची श्यानता उतरते व निवळणे वेगाने होते. श्यानता निम्मी झाल्यास लागणारा वेळही निम्मा होतो. मराठवाड्यातील उन्हाचा येथे फुकट उपयोग होतो. उच्च प्रज्वलनांकाच्या तेलाचा झाकण लावलेला डबा, प्रसरणासाठी वर मोकळी जागा ठेवून, उन्हात ठेवतात. डबा चुलीवर किंवा विजेच्या शेगडीवर तापविणे धोक्याचे असते. तेलात पाणी असल्यास ते तळाशी उकळून तेल उसळते.

मोठ्या कारखान्यांत केंद्रोत्सारक यंत्राने काही मिनिटांत पूड वेगळी करतात. तत्त्व निवळण्याचेच आहे. गुरुत्वाऐवजी परिभ्रमणाने निर्माण होणारे कितीतरी पट मोठे बल कणांवर कार्य करते, एवढाच फरक असतो.

मिळालेले तेल काचेच्या बरणीत घेऊन दिव्यासमोर धरल्यास त्याचा गढूळपणा कळतो. दोन काचपट्ट्यांमध्ये एक थेंब घेऊन त्या एकमेकींवर घासल्यास पूड शिल्लक असेल, तर करकर ऐकू येते. चाचणीत उतरलेले तेल नव्या तेलात मिसळून वापरतात. काळवंडलेले, आंबूस वास येणारे किंवा दुधाळ तेल पुन्हा वापरीत नाहीत.

आरोग्यविषयक दक्षता : दगडाची पूड ओली असेपर्यंत हवेत उडत नाही. तेल निघून गेल्यावर उरलेली कोरडी पूड मात्र अतिशय बारीक व धोकादायक असते. अकीक जवळजवळ संपूर्णपणे सिलिकेचे बनलेले असते. त्याची पूड श्वासावाटे फुप्फुसांत गेल्यास सिलिकोसिस हा बरा न होणारा रोग जडतो व क्षयरोगाचाही धोका वाढतो. गुजरातमधील खंभात येथे अकीक घासणाऱ्या कामगारांत हा रोग आढळून आला आहे. बेसाल्टातील सिलिका मुख्यतः इतर मूलद्रव्यांशी संयोग पावलेली असल्याने त्याचा धोका तुलनेने कमी असतो, पण त्याचीही पूड श्वासात घेणे योग्य नव्हे. सांडलेला गाळ वाळू देऊ नये व वाळलेला झाडूने झाडू नये, तो ओल्या फडक्याने टिपावा. तोंडावर साधा रुमाल बांधल्याने इतके बारीक कण अडत नाहीत, त्यासाठी योग्य प्रतीचा श्वसनपट्टा लागतो. तेलाच्या दीर्घ संपर्काने त्वचादाह होतो, म्हणून हातमोजे वापरून नंतर हात साबणाने धुवावेत.

विल्हेवाट : निथळल्यानंतरही पुडीत काही तेल शिल्लक असते. घातक व इतर अपशिष्टांसंबंधीच्या २०१६ च्या केंद्रीय नियमांनुसार वापरलेले तेल व तेलयुक्त अवशेष यांचा समावेश घातक अपशिष्टांत होतो. ते गटारात, नाल्यात किंवा उघड्या जमिनीवर टाकता येत नाहीत. व्यवसायातून निघणारे असे अपशिष्ट प्राधिकृत संस्थेकडेच सोपवावे लागते. तोवर ते झाकणाच्या, गळती नसलेल्या डब्यात, त्यावर नाव लिहून ठेवतात.

बेसाल्टाच्या प्रदेशात ही दक्षता विशेष आवश्यक आहे. या खडकाचा एकसंध भाग पाणी धरीत नाही. भूजल त्याच्या भेगांत, सांध्यांत व झिजलेल्या थरांत साठते व विहिरींना तेथूनच पाणी मिळते. राणीसावरगावसारख्या गावाच्या परिसरात करवतीचे तेल जमिनीवर ओतल्यास ते पावसाच्या पाण्याबरोबर याच भेगांत उतरण्याची शक्यता असते. पाण्यात थोडे तेल मिसळले, तरी त्यास वास व चव येते, आणि भेगांत शिरलेले तेल सहजी काढून टाकता येत नाही. ज्या खडकाचे काप काढून त्याचा अभ्यास केला जातो, त्याच खडकात गावाचे पिण्याचे पाणी असते. त्यामुळे गाळातील तेल जितके जास्त परत मिळविता येईल, तितका टाकून द्यावयाचा भाग कमी होतो आणि यंत्र चालविणाऱ्याचा खर्चही वाचतो.