दोन शेपट्या, दोन नख्या: ओढ्यातल्या स्टोनफ्लायची ओळख



एजवेअरमध्ये एजवेअर ब्रुक आणि डीन्स ब्रुक हे दोन ओढे एकत्र येतात आणि त्यांचा सिल्क स्ट्रीम होतो. तो पुढे बर्न्ट ओकच्या बागांमधून वेल्श हार्प तलावात जातो, तिथून ब्रेंट नदीने थेम्सला. आपण रोज त्यावरच्या पुलावरून जातो. आज थोडं खाली वाकून बघूया. शोधायचा आहे एक किडा, स्टोनफ्लाय. नावात 'फ्लाय' असला तरी ही माशी नव्हे. माशीला दोन पंख, हिला चार. बसताना ती पंख पाठीवर सपाट घडी करून ठेवते. तिच्या गटाचं शास्त्रीय नाव प्लेकोप्टेरा, म्हणजे 'घडीचे पंख'.

तिचं बालपण पाण्यात जातं, दगडांच्या खाली. बहुतेक जातींना वाढायला एक वर्ष लागतं, मोठ्या जातींना तीनपर्यंत. या पिल्लाला निंफ म्हणतात. मग ते काठावर चढतं, कात टाकतं आणि पंख फुटतात.

आता ओळखायचं कसं? पाण्यात तिच्यासारखंच दिसणारं मेफ्लायचं पिल्लूही असतं. तीन गोष्टी बघा.

पहिली, शेपट्या. स्टोनफ्लायला दोन, मेफ्लायला बहुधा तीन. पण शेपटी तुटते, म्हणून एवढ्यावर विसंबू नका.

दुसरी, पायाची टोकं. भिंगातून बघा. स्टोनफ्लायच्या प्रत्येक पायाला दोन नख्या असतात, मेफ्लायच्या निंफला एकच. ही खूण पक्की.

तिसरी, कल्ले. मेफ्लायच्या पोटाच्या दोन्ही बाजूंना पानांसारखे कल्ले हलताना दिसतात. स्टोनफ्लायला तसे नसतात. असलेच तर काही जातींत पायांच्या मुळाशी झुपके असतात.

सुट्टीत गावी गेलात तर सह्याद्रीच्या झऱ्यातही हे करून बघा. तिथे नियोपेर्ला गटातल्या स्टोनफ्लाय आहेत. मात्र तिथे दोन शेपट्यांच्या मेफ्लायही असतात, त्यामुळे नख्या मोजणं आणखी महत्त्वाचं.

इथपर्यंत गट ओळखला. नेमकी जात ओळखणं मात्र अवघड. ब्रिटनमध्ये स्टोनफ्लायच्या सुमारे ३४ जाती आहेत. त्यांच्यासाठी हाइन्स या शास्त्रज्ञांनी केलेली किल्ली आजही वापरतात. तिची तिसरी आवृत्ती १९७७ची. किल्ली म्हणजे प्रश्नांची माळ: खूण अशी असेल तर या प्रश्नाकडे जा, तशी असेल तर त्या. शेवटी नाव हाती येतं. लहान निंफवरून पुष्कळदा जात ठरत नाही. पूर्ण वाढलेला नर लागतो, कारण त्याच्या पोटाच्या टोकाची रचना जातीजातीत वेगळी असते.

नवी जात जाहीर करायची असेल तर तिचं वर्णन प्रसिद्ध करावं लागतं. शिवाय एक नमुना 'हाच तो' म्हणून ठरवून ठेवतात, बहुधा एखाद्या संग्रहालयात. पुढे कोणालाही शंका आली तर त्याच्याशी ताडून बघता येतं.

याचं एक उदाहरण आपल्याच ट्यूब लाइनवरचं आहे. एडवर्ड न्यूमन हे कीटकशास्त्रज्ञ १८०१ साली हॅम्पस्टेडला जन्मले, म्हणजे नॉर्दर्न लाइनच्या आपल्याच फाट्यावर. १८३८मध्ये त्यांनी एका स्टोनफ्लायचं वर्णन केलं. आज ती ब्रॅकिप्टेरा पुटाटा (न्यूमन, १८३८) अशी लिहितात. पहिला शब्द आडनावासारखा, अर्थ 'आखूड पंखांची'. दुसरा तिचं स्वतःचं नाव, लॅटिनमध्ये 'छाटलेली'. खरंच, या जातीच्या नराचे पंख आखूड असतात. न्यूमन यांचं नाव कंसात का? कारण त्यांनी दिलेलं 'आडनाव' पुढे बदललं. ही जात फक्त ब्रिटनमध्ये सापडते, तीही मुख्यतः स्कॉटलंडमध्ये. इथून गेली तर जगातूनच गेली.

नाव आणि नोंद यांना म्हणूनच किंमत आहे. आयसोजेनस न्यूबेक्युला या जातीची ब्रिटनमधली नोंद १९९५नंतर नव्हती. ती संपली असावी असं वाटत होतं. २०१७मध्ये जॉन डेव्ही-बाउकर यांना वेल्समध्ये रेक्सहॅमजवळ डी नदीत ती पुन्हा सापडली. नेमकं ओळखता आलं, म्हणून ती 'आहे' असं म्हणता आलं.

आपल्या ओढ्याचं काय? बहुतेक स्टोनफ्लायना थंड, वाहतं, प्राणवायूने भरलेलं पाणी लागतं. घाण त्यांना सोसत नाही, म्हणूनच पाण्याची तपासणी करताना त्यांना वरचे गुण देतात. शहरातल्या संथ ओढ्यात त्या मिळणं कठीण. नेमुरा सिनेरिया ही जात मात्र संथ पाण्यातही राहते, तेव्हा शोध सोडू नका. न सापडणं हीसुद्धा पाण्याबद्दलची माहितीच आहे.

घरी एक काम करा. वॉशिंग मशीनचा किंवा सिंकचा पाइप चुकून पावसाच्या पाण्याच्या नळाला जोडलेला असेल तर साबणाचं पाणी थेट ओढ्यात जातं. नवं स्वयंपाकघर किंवा बाथरूम करून घेतलं असेल तर प्लंबरला हे मुद्दाम विचारा.

मुलांना घेऊन जाल तेव्हा उथळ जागा निवडा, मोठ्या माणसाने सोबत राहा. पांढऱ्या ताटलीत थोडं पाणी घ्या, दगड उचलून बघा, फोटो काढा आणि दगड होता तसा ठेवा. किडाही पाण्यात परत. घरी आल्यावर हात साबणाने धुवा. फोटो, तारीख आणि जागा आयरेकॉर्डवर नोंदवा. तिथे जाणकार तो तपासू शकतात.

आणि हो, नख्या मोजायला विसरू नका. भेटूया पुढच्या भागात. नमस्कार!