औषधी अळंबी आणि व्याधिक्षमत्व : फणसांब्यापासून बीटा-ग्लुकनपर्यंत

ठाणे व कल्याण-डोंबिवली परिसरातील औषधी दुकानांतून ‘प्रतिकारशक्ती वाढविणारी’ म्हणून अळंबीची चूर्णे व कॅप्सूल विचारली जातात. रुग्ण सल्ला मागतो वैद्याकडे आणि वस्तू घेतो दुकानदाराकडून. म्हणून या द्रव्यांचे कार्य नेमके कसे घडते हे दोघांनीही जाणून घेणे अगत्याचे आहे, असे आम्हांस वाटते.

ग्रंथ व लोकपरंपरा

चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील 27 व्या अध्यायात छत्रजातींचा विचार शाकवर्गात येतो. सर्पच्छत्रक वगळून इतर छत्रजाती शीत, मधुर, गुरू व पीनसकर सांगितल्या आहेत. म्हणजे तेथे अळंबी हे आहारद्रव्य आहे, रसायन नव्हे.

लोकपरंपरेत मात्र औषधी उपयोग आढळतो. फणसाच्या जुन्या खोडावर येणारा, लाकडासारखा कठीण फणसांबा पाण्यात उगाळून मुलांचे तोंड येणे व लाळ अतिशय गळणे यांवर वापरतात. पुणे विद्यापीठातील वैद्य व रब्बा यांनी 1993 साली लोकवैद्यकातील बुरशींवरील निबंधात या द्रव्याची नोंद घेतली. फणसांबा फेलिनस गटातील असून, या गटातील काही अळंबींचा कोरिया व जपानमध्ये प्रतिकारशक्तीच्या दृष्टीने पुष्कळ अभ्यास झाला आहे.

कार्य कसे घडते?

अळंबीच्या पेशीभित्तिकेत बीटा-ग्लुकन नावाची बहुशर्करा असते. ही शर्करा मानवी शरीरात तयार होत नाही. त्यामुळे शरीर तिला ‘बुरशी आली’ अशी खूण समजते. ही खूण ओळखणारा डेक्टिन-1 हा ग्राहक मॅक्रोफेज, न्यूट्रोफिल व डेंड्रिटिक पेशींवर असतो. गॉर्डन ब्राउन व सायमन गॉर्डन यांनी 2001 साली त्याची ही भूमिका दाखविली. ग्लुकन त्यास चिकटताच भक्षणक्रिया वाढते, सायटोकाइन स्रवतात आणि पुढे टी-पेशींनाही संदेश पोहोचतो.

येथे शक्ती बाहेरून मिळत नाही, तर पहारेकरी जागा होतो. चक्रपाणींनी व्याधिक्षमत्वाचे व्याधिबलविरोधित्व व व्याध्युत्पादप्रतिबंधकत्व असे दोन अर्थ सांगितले. पेशी जागी झाली म्हणजे हे दोन्ही साधले असे म्हणता येत नाही. ते रुग्णावरच तपासावे लागते.

पुरावा कोठवर?

जपानमध्ये ट्रॅमेटिस व्हर्सिकलरपासूनचे पीएसके 1977 साली व शिताके अळंबीतील लेंटिनन 1985 साली कर्करोगात पूरक औषध म्हणून मान्य झाले. पैकी लेंटिनन शिरेवाटे दिले जाई; त्याचे निष्कर्ष तोंडाने घेण्याच्या चूर्णास लावणे योग्य नव्हे. गॅनोडर्मावरील 2012 च्या कोक्रेन समीक्षेत पाचच चाचण्या निकषांस उतरल्या. कर्करोगाचा मुख्य उपचार म्हणून तिच्या वापरास पुरेसा आधार नाही, नेहमीच्या उपचारासोबत पूरक म्हणून विचार होऊ शकतो, असा तिचा निष्कर्ष होता.

व्यवहारात काय पाहावे?

पहिली गोष्ट ओळख. फणसांबा या एका नावाखाली एकाहून अधिक जाती येऊ शकतात. म्हणून माल झाडासह, स्थानासह नोंदवून घ्यावा.

दुसरी गोष्ट कल्पना. अळंबीची भित्तिका कायटिनयुक्त असल्याने कच्चे चूर्ण नीट पचत नाही. गरम पाण्याच्या काढ्यात विद्राव्य ग्लुकन उतरतात. सत्त्व घेताना केवळ ‘एकूण पॉलिसॅकराइड’ न पाहता बीटा-ग्लुकनचे प्रमाण विचारावे. धान्यावर वाढविलेल्या तंतुजालाच्या चूर्णात त्या धान्याचा स्टार्चही मिसळलेला असतो. आयोडिनच्या थेंबाने गडद निळा रंग आल्यास स्टार्चचा संशय घ्यावा.

तिसरी आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट रुग्ण. मूत्रपिंड प्रत्यारोपणानंतर प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे घेणारा रुग्ण, आमवातासारख्या किंवा अन्य स्वप्रतिकार व्याधींचा रुग्ण, रक्त पातळ करणारी औषधे घेणारा रुग्ण यांना ही द्रव्ये त्यांच्या तज्ज्ञाच्या संमतीविना देऊ नयेत. पहारेकऱ्यास जागविणे प्रत्येकाच्या हिताचे नसते. विक्रीपूर्वी ‘आपण सध्या कोणती औषधे घेता?’ हा एक प्रश्न विचारण्याची सवय दुकानात लावून घ्यावी.

कर्करोग बरा करण्याची जाहिरात 1954 च्या औषध व जादूटोणा उपाय कायद्यान्वये निषिद्ध आहे, हेही ध्यानी असावे. अळंबी हे उपयुक्त पूरक द्रव्य ठरू शकेल. मात्र तिच्या भरवशावर कोणी चालू उपचार सोडणार नाही, याची काळजी आपण सर्वांनी वाहावी.