स्टुटगार्टच्या चढावर भाड्याची स्टेशन वॅगन

पूर्वी लेकीबाळींच्या घरी जायचे म्हणजे एस.टी.चे तिकीट काढायचे, लाडवांचा डबा घ्यायचा आणि निघायचे, एवढाच विधी असे. आता लेक स्टुटगार्टला असते. लाडू तेच, पण ते विमानाच्या बॅगेतून जातात. तिथे पोचून दोन दिवस होतात न होतात तोच जेवणाच्या टेबलावर प्रश्न निघतो : घरची मोटार लहान. म्हातारी माणसे दोन, तरुण दोन, एक मूल आणि त्याची बाबागाडी, एवढी वरात न्यायची कशी? आणि मग कुणीतरी म्हणते, ‘त्यात काय! एक डिझेल कोंबी भाड्याने घेऊन टाकू.’

कोंबी म्हणजे आपली स्टेशन वॅगन. इंग्रज जिला एस्टेट म्हणतात ती. डिकीच्या जागी पाठीमागे एक छोटी खोलीच असते म्हणा ना. जर्मन गृहस्थाचा या गाडीवर फार जीव. गेल्या उन्हाळ्यात आम्ही उभयता आमच्या भाचीकडे होतो, तेव्हा या खरेदीइतक्याच गंभीर भाडेप्रकरणात भाग घेण्याचा योग आला. त्या निमित्ताने चारपाच गाड्यांची पाहणी झाली, दोन प्रत्यक्ष वापरल्या गेल्या, आणि जे मत बनले ते इथे मांडतो. दिवाळीनंतर तिकडे जाणारांच्या ते कामी पडावे.

स्टुटगार्ट हे मुंबईकरांना परके गाव नव्हे. १९६८ पासून ही दोन्ही भगिनी-शहरे आहेत. पुण्या-नाशिकचे कितीतरी इंजिनिअर तिथल्या कारखान्यांत आहेत. शिवाय डिझेल मोटारीचे ते एक माहेरच म्हटले पाहिजे. रुडोल्फ डिझेलने आपले इंजिन १८९७ मध्ये ऑग्सबर्गला चालवून दाखवले खरे, पण ते पुरुषभर उंचीहून मोठे धूड होते. मोटारीच्या बॉनेटखाली मावण्याइतके ते लहान आणि आज्ञाधारक झाले ते पुष्कळसे बॉशच्या इंधन-पंपामुळे. हा पंप १९२७ मध्ये स्टुटगार्टलाच मोठ्या प्रमाणावर तयार होऊ लागला. पुढे १९३६ मध्ये मर्सिडीझने ‘२६० डी’ बाहेर काढली. जगातल्या पहिल्या डिझेल प्रवासी मोटारींपैकी ही एक. ताकद अवघी ४५ अश्वशक्तीची, आवाज खलबत्त्यासारखा. श्रीमंतांनी तिच्याकडे पाहून नाक मुरडले असेल, पण टॅक्सीवाल्यांनी तिला उचलून धरले. तेलाचा खर्च कमी आणि इंजिन दणकट. धंदेवाल्याला आणखी काय हवे?

तेव्हा डिझेल आणि भाडे यांची लग्नगाठ जुनीच आहे. मात्र या गोष्टीतली एक मेख ध्यानात ठेवावी, कारण पुढचा सारा हिशेब तिच्यावर आहे. टॅक्सीचे इंजिन सकाळी एकदा तापले की रात्रीपर्यंत निवत नाही. पाहुण्यांसाठी घेतलेली भाड्याची गाडी तशी चालते का? ती सकाळी दहा मिनिटे चालते, दुपारी दहा मिनिटे चालते, आणि संध्याकाळी भाजी आणायला जाते.

कोंबीलाही प्रतिष्ठा मिळायला वेळ लागला. बरीच वर्षे ती रंगारी, सुतार आणि फेरीवाल्या व्यापाऱ्यांची गाडी होती. १९७७ मध्ये मर्सिडीझने फ्रँकफर्टच्या प्रदर्शनात आपली ‘टी’ गाडी मांडली, आणि पाठीमागे खोली असलेली मोटार डॉक्टर-वकिलांच्या दारात उभी राहू लागली. आपल्याकडेही हा प्रयोग झाला. १९५४ मध्ये डायमलर-बेंझशी करार करून मालमोटारी बनवू लागलेल्या टेल्कोने १९९२ मध्ये ‘टाटा इस्टेट’ ही डिझेल स्टेशन वॅगन आणली. पण आपल्या मंडळींना डिकी हवी ती डिकीसारखी! ती गाडी फार काळ टिकली नाही.

असो. भाड्याच्या दुकानाकडे वळू.

तिथे पहिला धडा असा मिळतो की, आपण मोटार निवडत नाही, वर्ग निवडतो. पावतीवर अमुक गाडी ‘किंवा तत्सम’ असे लिहिलेले असते, आणि सारी गंमत त्या ‘तत्सम’मध्ये आहे. मोटारीच्या वर्गाला चार अक्षरे असतात. पहिले अक्षर आकाराचे. दुसरे प्रकाराचे, तिथे इंग्रजी डब्ल्यू असेल तर स्टेशन वॅगन. तिसऱ्यावरून गिअर हाताचे की ऑटोमॅटिक ते कळते : एम म्हणजे हाताचे, ए म्हणजे ऑटोमॅटिक. चौथे अक्षर इंधनाचे. तिथे डी असेल तरच डिझेल ठरलेले, आर असेल तर मालकाच्या मर्जीप्रमाणे काहीही. ही चार अक्षरे वाचता आली की काउंटरवरच्या गोड बोलण्याची निम्मी धार जाते.

डिझेल कोंबी म्हणून ज्या गाड्या पुढे येतात त्यांत श्कोडा ऑक्टाव्हिया, फोक्सवॅगनच्या गोल्फ आणि पासाट, फोर्ड फोकस आणि प्यूजो ३०८ ही नावे मुख्य. पैकी पहिल्या तिघींत स्पर्धा आहे ती जावा-जावांतली. श्कोडा फोक्सवॅगनच्याच घरची, आणि तिघींच्या पोटात दोन लिटरचे एकाच घराण्याचे इंजिन. फोर्डचे आणि प्यूजोचे दीड लिटरचे. कारखान्याचे आकडे पाहिले तर गोल्फची पाठ ६११ लिटरची, ऑक्टाव्हियाची ६४०, फोकस आणि प्यूजो दोन्ही ६०८. या तीसबत्तीस लिटरांवरून जावईबापू आणि त्यांचे मित्र रात्री अकरापर्यंत वाद घालीत होते. सौ.नी दुसऱ्या दिवशी त्याचा निकाल मिनिटभरात लावला. बाबागाडी आणि दोन मोठ्या बॅगा प्रत्येक गाडीत ठेवून पाहिल्या, सगळ्यांत बसल्या.

‘जागा पाठीमागे नाहीच पाहायची,’ त्या म्हणाल्या. ‘मधल्या सीटवर बसून पाहा.’

आणि हीच खरी परीक्षा! जर्मनीत बारा वर्षांखालच्या आणि दीड मीटरहून कमी उंचीच्या मुलाला स्वतंत्र बालखुर्ची लागतेच. ती एका बाजूला बांधली की मागे उरलेल्या दोन मोठ्यांपैकी एकाच्या नशिबी मधली जागा येते, आणि आपल्या कुटुंबपद्धतीत ती जागा बहुधा घरातल्या वडील बाईच्या वाट्याला जाते. ऑक्टाव्हिया ऐसपैस, गुडघ्यांना भरपूर मोकळीक. पण मध्यभागी जमिनीतून एक उंचवटा गेला आहे, त्याच्या दोन बाजूंना पाय टाकून घोड्यावर बसल्यासारखे बसावे लागते. गोल्फचेही तेच, वर जागा थोडी कमी. फोकसची जमीन त्यामानाने सपाट, म्हणून मधल्या माणसाचे हाल कमी. तिचे उत्पादन २०२५ अखेर थांबले, पण भाड्यात मिळाली तर नाही म्हणू नये. प्यूजो दिसायला सर्वांत देखणी, आणि पाय ठेवायला सर्वांत चिंचोळी. तिचे स्टिअरिंग बशीएवढे लहान असून वेगाचा आकडा त्याच्या वरून पाहायचा असतो. माझ्यासारख्या बेताच्या उंचीच्या माणसाला तो निम्माच दिसला.

ऑक्टाव्हियाच्या दारात छत्री ठेवायला खण असतो, आणि पेट्रोलच्या झाकणाच्या आत काचेवरचे बर्फ खरवडायची पट्टी. एवढ्यावरून ती गाडी कुणा संसारी माणसाने आखली असावी असे वाटते. (भाड्याच्या गाडीत खण असतो; छत्री आधीच्या गिऱ्हाइकाबरोबर गेलेली असते.)

पासाटची गोष्ट वेगळी. २०२४ पासूनची नवी पासाट फक्त कोंबी म्हणून आणि फक्त ऑटोमॅटिक गिअरची मिळते. पाठ ६९० लिटरची, लांबी ४ मीटर ९२ सेंटिमीटर. आपली इनोव्हा क्रिस्टा ४ मीटर ७४ ची. म्हणजे ही तिच्याहून वीतभर लांब. आत बसणाराला पालखीचे सुख, पण जुन्या जर्मन गराजमधली एक जागा नियमाप्रमाणे पाच मीटर लांब आणि सव्वादोन मीटरहून थोडी रुंद असते, हे ध्यानात घ्या. पालखी आत जाते. भोयांनी दारे उघडून उतरायचे कसे हा प्रश्न उरतो. ऑक्टाव्हिया ४ मीटर ६९ ची आहे. शहरात तो फरक जाणवतो.

आता शहर. स्टुटगार्ट हे परातीसारखे गाव आहे. मध्ये खोलगट भाग, सभोवार टेकड्या, टेकड्यांवर द्राक्षमळे आणि वस्ती. चढ इतके की खालच्या मारिएनप्लाट्झपासून वरच्या डेगरलोखपर्यंत दात्यांच्या रुळावरची रेल्वे चालते. अशा चढावर सिग्नलला थांबून पुन्हा निघणे, तेही डावीकडे बसून, उजव्या हाताने गिअर टाकीत! डिझेलला जोर भरपूर असतो, पण तो अगदी तळाशी नसतो. क्लच सोडण्यात क्षणाची गफलत झाली की गाडी आचका देऊन बंद पडते, आणि मागचा जर्मन घड्याळ पाहतो. म्हणून हाताच्या गिअरची गाडी स्वस्त मिळत असली तरी या गावात ऑटोमॅटिकच घ्यावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

यापेक्षा नाजूक भानगड गाडीच्या पोटात असते. हल्लीच्या प्रत्येक डिझेल मोटारीला धुरातली काजळी अडवणारी गाळणी असते. ती भरत आली की गाडी आपोआप जादा इंधन जाळून आत सहाशे अंशांच्या आसपास उष्णता करते आणि साचलेली काजळी जाळून टाकते. पण त्यासाठी गाडी काही मिनिटे तरी सलग आणि वेगात धावावी लागते. दहा मिनिटांच्या फेऱ्यांत इंजिन नीट तापत नाही, काजळी अर्धवट जळते, पुन्हा साचते, आणि एक दिवस समोर पिवळा दिवा लागतो. आमच्या पहिल्या गाडीला तो नवव्या दिवशी लागला. दुकानात फोन केला तर उत्तर मिळाले, ‘काळजी नको, ऑटोबानवर वीस मिनिटे फिरवून आणा!’ दिवा विझला. पण भाजीला निघालेली माणसे कार्ल्सरूहच्या रस्त्याला लागली ती याच्या पायी.

आणि ही गाळणी आली कुठून? तर याच हवेतून. स्टुटगार्टच्या परातीत धूर साचून राहतो. तिथल्या नेकारटोर चौकात नायट्रोजन डायऑक्साइडचे वार्षिक प्रमाण, जिथे कायद्याने ४० मायक्रोग्रॅम चालते तिथे, २०१७ मध्ये ७० च्या वर होते. त्याआधी २०१५ मध्ये फोक्सवॅगनची लबाडी अमेरिकेत उघडकीला आली होती : तपासणीपुरता धूर स्वच्छ, रस्त्यावर भलताच. फेब्रुवारी २०१८ मध्ये लाइपझिगच्या वरिष्ठ न्यायालयाने शहरांना डिझेलबंदी करता येते असा निर्णय दिला, तो स्टुटगार्ट आणि ड्यूसेलडॉर्फच्याच खटल्यांत. आणि २०१९ मध्ये डिझेलच्या या गावाने जुन्या डिझेल गाड्यांना दार बंद केले. भाड्याच्या गाड्या नव्या, त्यांना ही बंदी लागत नाही, आणि त्यांचा धूर जुन्यांच्या मानाने पुष्कळच स्वच्छ असतो. पण तो स्वच्छ राहतो तो ती यंत्रणा तापलेली असेल तेव्हा. पाच वर्षांच्या मुलाला घेऊन दारातून निघालेल्या गार गाडीच्या मागे, बाबागाडीच्या उंचीवर, दुसऱ्या कुणाचे तरी मूल असते.

मग सौ.च्या आग्रहाने शेवटचे पंधरा दिवस गाडी बदलली. दुसरी मिळाली टोयोटा कोरोला कोंबी. पेट्रोल आणि वीज दोन्हींवर चालणारी. जावईबापू हिरमुसले. कारण तिच्यात डिझेलचा तो दणका नाही, आणि जोराने पाय दाबला की इंजिन मिक्सरसारखे ओरडते. पण पाठ ५९६ लिटरची, गिअरची कटकट नाही, आणि डेगरलोखचा उतार उतरताना ब्रेक लावला की बॅटरी भरते. सिग्नलला थांबली की घरात कुणी नसल्यासारखे शांत. गावातल्या गावात हिच्यापुढे पाचही डिझेलवाल्यांनी हात टेकावेत.

मात्र कॉन्स्टन्सच्या सरोवराला, म्युनिकला किंवा स्वित्झर्लंडला जायचे असेल तर मी डोळे मिटून ऑक्टाव्हिया डिझेल घेईन. टाकी ४५ लिटरची, आणि सरळ रस्त्यावर शंभर किलोमीटरला साडेचार-पाच लिटर; म्हणजे एका टाकीत मुंबईहून निघून नागपूर गाठून वर थोडे उरावे. तेव्हा हिशेब असा करावा की, महिनाभर गाडी दारात उभी न करता गावाबाहेर जायचे दिवस मोजून तेवढ्यापुरतीच घ्यावी. गावात ट्राम आणि लोकल उत्तम आहेत, आणि साऱ्या देशातल्या शहरी व साध्या गाड्यांना चालणारे मासिक तिकीट २०२५ मध्ये ५८ युरोंना होते. बाबागाडी डब्यात सरळ चढते.

गाडी घेतलीच तर दोनचार गोष्टी सांभाळाव्या. आर.टी.ओ.कडून मिळणारा आंतरराष्ट्रीय परवाना आणि आपला मूळ परवाना दोन्ही बरोबर हवेत. करारात ज्याचे नाव नाही त्याने चक्राला हात लावू नये; ‘जरा कोपऱ्यापर्यंत मामा चालवतील’ हे विमा कंपनीला चालत नाही. डिझेलची नळी जाड असते, ती पेट्रोलच्या गाडीत शिरत नाही. पण पेट्रोलची बारीक नळी डिझेलच्या गाडीत खुशाल शिरते. तिथे डिझेलची खूण चौकोनातला ‘बी ७’ आणि पेट्रोलची वर्तुळातला ‘ई ५’ किंवा ‘ई १०’. चुकून पेट्रोल पडलेच तर किल्ली फिरवू नका, गाडी ढकलून बाजूला घ्या आणि फोन करा. इंजिन चालू केले की पंपाची वाट लागते आणि बिल आपल्या नावावर. निळ्या झाकणात युरियाचे पाणी पडते, डिझेल नव्हे. ते संपले तर गाडी पुन्हा सुरूच होत नाही, म्हणून घेतानाच किती शिल्लक आहे ते विचारावे.

आणि परत देताना टाकी शेवटच्या पंपावर भरून पावती जपून ठेवावी, चारी बाजूंचे फोटो दिवसाउजेडी काढावेत. आम्ही गाडी देऊन आल्यावर आठ दिवसांनी मागच्या बंपरवरच्या एका ओरखड्याबद्दल एकशे ऐंशी युरोंची मागणी आली. भाचीने गाडी ताब्यात घेतल्या दिवशीचा फोटो पाठवला. ओरखडा त्यात होता. उत्तर आले नाही, पण पैसेही कापले गेले नाहीत.