परदेशी शिक्षण : व्यवहाराचे काही प्रश्न

साहित्य, संस्कृती आणि चळवळ यांची चर्चा करणाऱ्या नियतकालिकात व्हिसाचे फॉर्म, कामाचे तास आणि प्लगच्या पिना यांचे काय काम, असा प्रश्न एखाद्या वाचकाला पडेल. माझे उत्तर सरळ आहे. मी कोल्हापुरात एका महाविद्यालयात शिकवतो. परदेशी विद्यापीठात प्रवेश मिळालेली आपल्या वस्त्यांतली मुले-मुली गेली काही वर्षे माझ्याकडे कागद घेऊन येतात. अभ्यासाविषयी त्यांना फारसे विचारायचे नसते. तो त्यांनी केलेला असतो. त्यांचे प्रश्न वेगळे असतात. बँकेत पैसे किती दिवस दाखवायचे? तिथे हॉटेलात काम केले तर चालते का? आईने घेऊन दिलेला मिक्सर तिथे चालेल का? हे विचारताना ती ओशाळतात. त्यांचे हे ओशाळणे हाच या लेखाचा विषय आहे.

ज्या घरातला काका न्यू जर्सीत आणि आत्या लंडनमध्ये असते, त्या घरातल्या मुलाला ही उत्तरे जेवताजेवता मिळतात. त्याला ती कोणी शिकवली असे वाटतच नाही. तो त्यालाच हुशारी म्हणतो आणि समाजही तसेच म्हणतो. आपल्या मुलांच्या घरात अशी माहिती देणारे कोणी नसते. ज्ञानाची मक्तेदारी पोथ्यांपुरती होती असे आपण मानत आलो. प्रत्यक्षात ती असल्या किरकोळ माहितीचीही असते, आणि ही मक्तेदारी मोडायला बंडाची भाषा पुरत नाही. माहिती लिहून काढावी लागते आणि वाटावी लागते.

बाबासाहेबांचा व्यवहार

बाबासाहेबांच्या परदेशी शिक्षणाची गाथा आपण अभिमानाने सांगतो. पण त्या गाथेतला व्यवहार आपण वगळतो. तो असा आहे. १९१३ च्या जूनमध्ये त्यांनी बडोदे संस्थानाशी करार केला : तीन वर्षे दरमहा साडेअकरा पौंड शिष्यवृत्ती आणि त्याबदली दहा वर्षे संस्थानची नोकरी. जुलैमध्ये ते न्यूयॉर्कला पोहोचले आणि कोलंबिया विद्यापीठात शिकू लागले. १९१६ साली ते लंडनला गेले, पण शिष्यवृत्तीची मुदत संपल्याने १९१७ मध्ये अभ्यास अर्धवट टाकून परतावे लागले. निघताना त्यांनी लंडन विद्यापीठाकडून चार वर्षांच्या आत परत येऊन अभ्यास पुरा करण्याची परवानगी घेऊन ठेवली. वेगळ्या जहाजाने पाठवलेली त्यांची पुस्तके टॉर्पेडोच्या हल्ल्यात समुद्रात बुडाली. बडोद्यात नोकरी होती, पण अस्पृश्याला राहायला जागा नव्हती.

पुढे मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजातल्या पगारातून टाकलेली शिल्लक, नवल भथेना या पारशी मित्राकडून घेतलेले पाच हजार रुपयांचे कर्ज आणि शाहू छत्रपतींची मदत यांच्या बळावर ते जुलै १९२० मध्ये पुन्हा लंडनला गेले. त्याच वर्षी मार्चच्या २१ आणि २२ तारखांना आपल्या माणगावची परिषद झाली होती. तिचा इतिहास कोल्हापुरातल्या प्रत्येक कार्यकर्त्याला ठाऊक आहे. परंतु १९२१ च्या सप्टेंबरात बाबासाहेबांनी लंडनहून शाहू महाराजांना लिहिलेले पत्र त्या मानाने कमी वाचले जाते. हुंडणावळीच्या दरातील चढउतारामुळे आपला हिशेब कोलमडला आहे, असे सांगून त्यांनी त्यात दोनशे पौंड उसने मागितले होते. ज्यांनी रुपयाच्या प्रश्नावर प्रबंध लिहून १९२३ मध्ये डी.एस्सी. मिळवली, त्यांना रुपयाच्या दराने आधी स्वतःच्या खिशात गाठले होते.

यातून चार नियम निघतात आणि ते आजही लागू आहेत. सही करण्यापूर्वी करार पूर्ण वाचावा. अभ्यासात खंड पडणार असेल तर परतीची परवानगी लेखी घ्यावी. पुस्तके, टिपणे, प्रबंध यांची एकच प्रत एका जागी ठेवू नये. आणि पैशाचा हिशेब करताना रुपयाचा दर घसरेल हे गृहीत धरावे.

पैसा आणि कागद

आज दोन मुख्य वाटा आहेत. केंद्र सरकारची राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्ती १९५४-५५ पासून आहे. महाराष्ट्र शासनाची अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठीची शिष्यवृत्ती २००३ पासून आहे आणि ती राजर्षी शाहू महाराजांच्या नावाने चालते. विद्यापीठाचे जागतिक क्रमांक, वय, उत्पन्नाची मर्यादा या अटी वेळोवेळी बदलतात. म्हणून गेल्या वर्षी गेलेल्या मित्राच्या सांगण्यावर विसंबू नये. त्या वर्षीची जाहिरात आणि शासन निर्णय स्वतः वाचावा.

विषयाची अटही वाचावी. केंद्राच्या शिष्यवृत्तीच्या २०२२ सालच्या नियमावलीत भारतीय संस्कृती, वारसा, इतिहास आणि भारताविषयीचा सामाजिक अभ्यास हे विषय वगळले गेले. बाबासाहेबांनी मे १९१६ मध्ये कोलंबियात वाचलेला पहिला महत्त्वाचा निबंध भारतातील जातींवर होता. त्या नियमाने त्या विषयाला दमडीही मिळाली नसती. कोणी काय शिकावे हे ठरवणारा हात नेहमी समोरून येतो असे नाही. तो नियमावलीच्या एखाद्या कलमातूनही येतो.

कागदांची तयारी प्रवेशाच्या आधी वर्षभर सुरू करावी. जातीचा दाखला, जातवैधता प्रमाणपत्र, उत्पन्नाचा दाखला आणि गुणपत्रिका यांवरचे नाव पासपोर्टवरच्या नावाशी अक्षरशः जुळले पाहिजे. आपल्याकडे स्वतःचे नाव, वडिलांचे नाव, आडनाव असा क्रम असतो; पासपोर्टवर आडनाव वेगळ्या रकान्यात जाते. एका कागदावर वडिलांचे नाव आहे आणि दुसऱ्यावर नाही, एवढ्यावर फाइल अडते. मराठी दाखल्यांचे इंग्रजी भाषांतर करून ते प्रमाणित करून ठेवावे. करारनाम्याला जामीनदार लागत असतील तर त्यांचा शोध शेवटच्या आठवड्यावर टाकू नये. ज्यांच्या नात्यात सातबारा नाही त्यांना हा शोध सर्वात जड जातो.

ब्रिटनचा व्हिसा मागताना स्वतःचे पैसे दाखवायचे असतील तर ती रक्कम सलग २८ दिवस खात्यात असावी लागते. एक दिवस जरी कमी भरली तरी अर्ज फेटाळला जाऊ शकतो. सरकारी शिष्यवृत्तीचे पत्र असल्यास, त्यात जेवढा खर्च उचललेला असेल तेवढ्यापुरता हा पुरावा द्यावा लागत नाही. म्हणून त्या पत्रात फी, राहण्याचा खर्च आणि मुदत स्पष्ट लिहून घ्यावी. भारतातून जाणाऱ्यांना सहा महिन्यांहून अधिक मुक्कामासाठी क्षयरोग तपासणीचा दाखला लागतो आणि तो मान्यताप्राप्त दवाखान्याचाच चालतो.

मंजुरी मिळाली म्हणजे पैसा मिळाला असे समजू नये. माझ्या माहितीतल्या एका मुलीचा पहिला हप्ता सत्र सुरू झाल्यावर दोन महिन्यांनी आला. तोवर तिने खोलीचे भाडे मैत्रिणीकडून उसने घेऊन भरले. पहिल्या तीन महिन्यांपुरती तरी रक्कम हाताशी असावी, आणि ती उभी करण्यात गावच्या मंडळांनी हातभार लावावा. जयंतीच्या वर्गणीचा काही भाग यासाठी बाजूला काढता येणार नाही का?

काम किती आणि कोणते

शिकताना काम करण्याचे नियम देशागणिक वेगळे आहेत. ब्रिटनमध्ये पदवी व त्यावरच्या अभ्यासक्रमाच्या विद्यार्थ्याला सत्र चालू असताना साधारणपणे आठवड्याला २० तास काम करता येते. एक वर्षाच्या एम.ए.च्या विद्यार्थ्याने उन्हाळ्याला सुट्टी समजू नये. प्रबंध लिहिण्याचा तो काळ बहुधा सत्रातच मोडतो. अमेरिकेत विद्यार्थी व्हिसावर सत्रात २० तासांपर्यंत आणि तेही विद्यापीठाच्या आवारातच काम करता येते. बाहेर काम करायला वेगळी परवानगी लागते. जर्मनीत १ मार्च २०२४ पासून वर्षाला १४० पूर्ण किंवा २८० अर्धे दिवस काम करता येते. ऑस्ट्रेलियात १ जुलै २०२३ पासून पंधरवड्याला ४८ तासांची मर्यादा आहे.

इथे एक सापळा आहे. मोबाइलवर नोंदणी करून सायकलवरून जेवण पोहोचवण्याचे काम सोपे वाटते. ब्रिटनमध्ये असे काम करणारा बहुतेक वेळा नोकर धरला जात नाही, तो स्वतंत्र व्यवसाय करतो असे मानतात. आणि विद्यार्थी व्हिसावर स्वतंत्र व्यवसायाला बंदी आहे. दुसऱ्याच्या नावावरच्या खात्यावर काम करणे तर त्याहून घातक. रोखीने पगार देणाऱ्या मालकाकडे तास वाढवून घेणेही असेच. तिथे पकडले गेल्यावर आपला माणूस वकील देऊ शकत नाही, आणि रद्द झालेला व्हिसा शिष्यवृत्तीही घेऊन जातो. पगाराची पावती आणि केलेल्या तासांची नोंद स्वतःजवळ ठेवावी. कष्टाला आपण घाबरत नाही, पण बेकायदा कष्टात मालकाचे फावते आणि शिक्षा मजुराला होते, हे आपल्या बापजाद्यांनी पुरेसे पाहिले आहे.

वीज आणि यंत्रे

आपल्याकडे वीज २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ असते. ब्रिटन आणि युरोपातही तेवढीच असते. अमेरिकेत १२० व्होल्ट, ६० हर्ट्झ आणि जपानमध्ये १०० व्होल्ट असते. कोणतेही यंत्र नेण्यापूर्वी त्यावरची बारीक अक्षरे वाचावी. मोबाइल आणि लॅपटॉपच्या चार्जरवर बहुधा १०० ते २४० व्होल्ट, ५०/६० हर्ट्झ असे छापलेले असते. असा चार्जर कुठेही चालतो. फक्त पिना जुळवणारा अडॅप्टर लागतो. ब्रिटनचा प्लग तीन चपट्या पिनांचा असतो आणि त्यात फ्यूज असतो. अमेरिकेत पिना दोन चपट्या, तर जर्मनीत दोन गोल. अडॅप्टर पिना बदलतो, व्होल्ट बदलत नाही, हे पक्के लक्षात ठेवावे. आईच्या मिक्सरवर २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ एवढेच छापलेले असेल तर तो लंडनमध्ये चालेल, न्यूयॉर्कमध्ये नीट चालणार नाही. त्यासाठी लागणारा ट्रान्सफॉर्मर मिक्सरपेक्षा जड आणि महाग पडतो. तिथेच लहान मिक्सर घ्यावा. चटणी मात्र कोल्हापूरहून न्यावी!

साधा अ‍ॅल्युमिनियमचा कुकर इंडक्शनच्या शेगडीवर तापत नाही. इंडक्शनसाठी बनवलेल्या बुडाचा लागतो. वसतिगृहाच्या खोलीत शेगडी वा हीटर लावायला बहुधा मनाई असते, तेव्हा आधी नियम विचारावा. पॉवर बँक विमानात सोबतच्या पिशवीत ठेवावी, मोठ्या सामानात नाही. १०० वॉट-तासांपर्यंत वेगळी परवानगी लागत नाही. २०,००० मिलिअँपिअर-तासांची पॉवर बँक ३.७ व्होल्टच्या हिशेबाने ७४ वॉट-तासांची होते, म्हणजे चालते.

सर्वात महत्त्वाचे यंत्र मोबाइल आणि त्यातले भारतीय सिम. बँक, आधार आणि शिष्यवृत्तीचे संकेतस्थळ यांचा ओटीपी त्याच क्रमांकावर येतो. सिम बंद पडले तर पुढचा हप्ता अडकतो. म्हणून दोन सिमचा फोन घ्यावा, निघण्यापूर्वी आंतरराष्ट्रीय रोमिंग सुरू करून घ्यावे आणि घरच्यांना रिचार्जची तारीख लिहून द्यावी. ब्रिटनमध्ये राहण्याच्या परवान्याची नोंद आता कार्डावर नसते, ती ऑनलाइन असते. तिचा पासवर्ड पासपोर्टइतकाच जपावा. तिथे लॅपटॉपवर थेट प्रसारण पाहायलाही टीव्ही लायसन्स लागते, हेही नव्या माणसाला ठाऊक नसते. आणि प्रबंधाची प्रत रोज दुसऱ्या जागी साठवावी. १९१७ साली बुडालेली पुस्तके परत मिळाली नाहीत; आज ती हानी टाळणे आपल्या हाती आहे.

जात सामानात जाते

शेवटचा प्रश्न मुले हळू आवाजात विचारतात : सर, तिथे तरी जात विचारत नाहीत ना? विचारतात. गोरा माणूस विचारीत नाही. खोली वाटून घेणारा आपलाच देशबांधव आडनाव विचारतो, मग गाव, मग घरी कोणता देव. यासाठी तयार असावे आणि कायद्याची माहिती असावी. अमेरिकेत ब्रँडाइस विद्यापीठाने २०१९ मध्ये आणि कॅलिफोर्निया स्टेट युनिव्हर्सिटीने २०२२ मध्ये आपल्या भेदभावविरोधी धोरणात जातीचा समावेश केला. सिअ‍ॅटल शहराने फेब्रुवारी २०२३ मध्ये तसा कायदा केला. त्याच वर्षी कॅलिफोर्निया राज्यात मंजूर झालेले विधेयक मात्र राज्यपालांनी नाकारले. ब्रिटनमध्ये जातीविषयी स्वतंत्र कलम आणण्याचा विचार सरकारने २०१८ मध्ये सोडला. पण २०१४ मध्ये तिथल्या रोजगार अपील न्यायाधिकरणाने जातीवरून केलेला भेदभाव वांशिक मूळ या सदरात येऊ शकतो असे म्हटले आहे. तेव्हा त्रास झाल्यास तारीख, वेळ, शब्द आणि साक्षीदार लिहून ठेवावे आणि विद्यापीठाच्या समता कार्यालयाकडे लेखी तक्रार करावी. गप्प बसण्याची सवय सामानातून काढून टाकावी.

जे जाऊन आले आहेत त्यांच्याकडे माझी एक मागणी आहे. सत्काराला उभे राहण्याआधी आपल्या अनुभवाची चार पाने मराठीत लिहावी : कुठला कागद अडला, किती पैसे लागले, कोणते काम मिळाले, कोणी दार बंद केले आणि कोणी उघडले. शिक्षकांनी ती पाने गोळा करावी आणि प्रत्येक वसतिगृहात त्यांची वही ठेवावी. शाहू छत्रपतींनी या शहरात वसतिगृहे उभारली, कारण खेड्यातून येणाऱ्या पोराला शाळेच्या आधी राहायला जागा लागते हे त्यांनी ओळखले होते. आज आपल्या पोराला विमानाच्या आधी माहिती लागते. ती देणे आपल्याला परवडते, तेव्हा ती दिलीच पाहिजे.